फुटबॉल सुरक्षित केला तर लोक बघतील का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायोत राहायला येऊन मला १८ वर्षं झाली. ऑगस्ट संपत आला की इथला आठवडा ठरून जातो: शुक्रवारी रात्री शाळेचा सामना, शनिवारी कॉलेजचा, रविवारी एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा. मला हा खेळ मनापासून आवडतो आणि त्यात खेळाडूंच्या मेंदूचं जे होतं त्यानं मी तितकीच अस्वस्थ होते. पुण्याचे नातेवाईक, इथल्या मराठी मंडळातले आईवडील आणि ऑफिसातली मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. या पानावर फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल.

मला खेळच नीट कळत नाही. डोक्याला मार नेमका कुठे बसतो?

दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू, १०० यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून जमिनीवर पाडणं म्हणजे टॅकल. कबड्डीतली पकड डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच की इथे पकडणारा १०० किलोंच्या आसपासचा असतो, पूर्ण वेगात धावत येतो आणि दोघांच्याही डोक्यावर कडक हेल्मेट असतं.

हा मार सगळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही. पुढच्या फळीतले लाइनमन प्रत्येक खेळी सुरू होताच समोरच्यावर आदळतात. एका सामन्यात असं ६०-७० वेळा होतं. त्यात कुणी बेशुद्ध पडत नाही, रिप्ले दाखवला जात नाही, समालोचक एक शब्द बोलत नाही. खालची बरीच उत्तरं या न दिसणाऱ्या माराशी येऊन थांबतात, म्हणून तो आधीच सांगितला.

सीटीई म्हणजे काय?

क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या हादऱ्यांमुळे मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. विसराळूपणा, चिडचिड, नैराश्य आणि पुढे स्मृतिभ्रंश अशी लक्षणं दिसतात. खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेब्स्टर २००२ मध्ये ५०व्या वर्षी वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूत हा आजार शोधला आणि २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. वेब्स्टर सेंटर होता, म्हणजे पुढच्या फळीच्या अगदी मधोमध.

२०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई सापडला. या आकड्याचा अर्थ दर शंभरातल्या ९९ खेळाडूंना हा आजार होतो असा नाही. ज्यांना त्रास दिसत होता त्यांच्याच घरच्यांनी बहुतेक मेंदू दान केले होते. पण एवढी सूट देऊनही आकडा भयंकर आहे. शिवाय त्याच विद्यापीठाच्या पुढच्या संशोधनातून दिसलं की किती वेळा कन्कशन झालं (म्हणजे मार बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडलं) यापेक्षा आयुष्यभरात डोक्यानं एकूण किती मार सोसला, याचा आजाराशी जास्त संबंध आहे.

लोकांना मारामारीच हवी असते ना? ती काढली तर बघायला काय उरेल?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. विचारणाऱ्याला वाटतं की याचं उत्तर उघड आहे. मला तसं वाटत नाही.

जोरदार टॅकल झाला की स्टेडियम दणाणतं, हे खरं आहे. २००० नंतरच्या दशकात टीव्हीवर आठवड्यातले सगळ्यांत जबर टॅकल हसतखेळत दाखवणारा खास कार्यक्रम चालायचा आणि आम्ही सगळे तो बघायचो. पण निव्वळ हिंसा विकली जाते का, याचा एक प्रयोग खरोखर होऊन गेला आहे. कुस्तीचे कार्यक्रम करणारे विन्स मॅकमहन यांनी २००१ मध्ये एनबीसी या टीव्ही वाहिनीच्या साथीनं एक्सएफएल नावाची लीग काढली. जाहिरात सरळ होती: कमी नियम, जास्त दणका. हवेतून आलेला किक निर्धास्त झेलण्याची जी मुभा असते, ती काढून टाकली. नाणेफेकीच्या जागी दोन खेळाडूंनी चेंडूवर झडप घालायची. पहिल्याच सामन्यात त्या झडपेत एकाचा खांदा निखळला. पहिल्या रात्री प्रेक्षक प्रचंड होते. पुढच्या आठवड्यांत ते ओसरत गेले आणि एका मोसमातच लीग बंद पडली.

म्हणजे दणका होता, पण खेळ कच्चा होता. खेळ कच्चा आहे हे प्रेक्षकाला दोन आठवड्यांत कळतं. लोक बघायला येतात ते क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, ४० यार्डांवरचा फेक, दोन बचावपटूंच्या मधून झेललेला चेंडू, शेवटच्या दोन मिनिटांत फिरणारा सामना. टक्कर त्यात हवी असते, कारण तिच्यामुळे प्रत्येक यार्डाला किंमत येते. चेंडू नुसता झेलणं सोपं आहे. कुणीतरी अंगावर येतंय हे माहीत असताना झेलणं अवघड, आणि ते अवघडपण बघायलाच माणसं बसलेली असतात. ते काढलंत तर लोक उठून जातील. दुखापत काढलीत तर जाणार नाहीत.

याआधी खेळ कधी सुरक्षित केला होता का?

केला होता, आणि त्याशिवाय आजचा फुटबॉल जन्मलाच नसता.

१९०५ मध्ये हा खेळ म्हणजे हातात हात गुंफून चाल करणारा जमाव होता. त्या मोसमात १८-१९ जण मेल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या खेळाचे चाहते होते आणि त्यांचा मुलगा हार्वर्डमध्ये खेळत होता. त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. कोलंबियानं खेळ बंदच केला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. १९०६ मध्ये नवे नियम आले: चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, ५ ऐवजी १० यार्ड गाठायची अट आली, दोन फळ्यांमध्ये मोकळी जागा सक्तीची झाली. कॉलेजांचे खेळ चालवणारी, आज एनसीएए म्हणून ओळखली जाणारी संस्थाही याच धडपडीतून उभी राहिली.

जुन्या खेळाडूंना हे पुचाट वाटलं. पुढे फेकलेला चेंडू म्हणजे मर्दानी खेळाचा शेवट, असं मानणारे पुष्कळ होते. आज तोच फेक या खेळाचा प्राण आहे. आजचा नामवंत क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सच्या खेळातलं जे जे लोकांना वेड लावतं, ते सगळं १९०६ च्या सुरक्षेच्या नियमातून आलेलं आहे. मी हे सांगते तेव्हा समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो.

दुसरं उदाहरण १९७६ चं. हेल्मेट पुढे करून डोक्यानं धडकायला शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये बंदी आली. १९७६ मध्ये मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडण्याचे ३४ प्रकार घडले होते. पुढच्या वर्षी १८, आणि १९८४ मध्ये ५. या बंदीमुळे कुणी स्टेडियम सोडून गेलं नाही. आता तर तो नियम कधी आला हेही कुणाच्या लक्षात नाही.

किकऑफच्या नव्या नियमावर एवढा गदारोळ का झाला?

कारण सुरक्षितता चुकीच्या आणि बरोबर अशा दोन्ही पद्धतींनी कशी आणता येते, हे एकाच नियमात दिसलं.

किकऑफ म्हणजे सामना सुरू करताना किंवा गुण मिळवल्यावर चेंडू लाथेनं प्रतिस्पर्ध्यांकडे मारणं. जुन्या किकऑफमध्ये एक अख्खा संघ अर्धं मैदान धावत येऊन दुसऱ्यावर आदळायचा. खेळातली ही सगळ्यांत धोक्याची खेळी होती. २०११ मध्ये एनएफएलनं किक मारायची जागा पाच यार्ड पुढे नेली. चेंडू थेट मागच्या टोकाला जाऊ लागला आणि झेलणारे तो घेऊन पळेनासे झाले. पुढच्या बदलांनी हे आणखी वाढलं. २०२३ च्या मोसमात पाचातला जेमतेम एक किकऑफ पळवला गेला. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, १३ किकऑफ झाले आणि एकही परत आणला गेला नाही. तेरा वेळा चेंडू हवेत गेला, खाली आला आणि काहीच घडलं नाही. सुरक्षित होतं, पण ते बघायचं कशासाठी?

मग २०२४ मध्ये दुसरी पद्धत आली. किक मारणारा एकटा मागे राहतो. त्याचे दहा साथीदार आधीच प्रतिस्पर्ध्यांच्या समोर, पाच-दहा यार्डांवर उभे असतात. चेंडू खाली पडेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत कुणी हलायचं नाही. धावत येण्याचा वेग गेला, त्यामुळे टक्कर सौम्य झाली आणि चेंडू मात्र पुन्हा पळू लागला. पहिल्याच वर्षी तीनातला एक किकऑफ परत आणला गेला. २०२५ मध्ये चेंडू न पळवण्याचा फायदा कमी व्हावा असा आणखी बदल झाला आणि हे प्रमाण खूपच वाढलं. पहिल्या रविवारी माझ्या शेजाऱ्यांना हे चित्रविचित्र दिसलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत त्यावर कुणी बोलेनासं झालं होतं.

मला विशेष वाटतं ते हे की ही कल्पना २०२० मध्ये पुन्हा काढलेल्या एक्सएफएलमधून आली. वर सांगितलेलं नाव, तेच मालक, पण या वेळी सुरक्षित किकऑफ घेऊन आले होते.

एक गोष्ट मात्र गेली. २०१० च्या सुपर बोलमध्ये उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी कुणाला कल्पना नसताना छोटा किक मारून चेंडू स्वतःच पटकावला होता. नव्या नियमात असा किक आधी सांगूनच मारावा लागतो, त्यामुळे तो थरार आता उरला नाही. ज्यांना याचं वाईट वाटतं त्यांचं दुःख खोटं नाही.

मग प्रेक्षक नेमके कशावर चिडतात?

पंचाच्या मर्जीवर सोडलेल्या नियमांवर. सप्टेंबर २०१८ मध्ये ग्रीन बेच्या क्ले मॅथ्यूजनं मिनेसोटाच्या कर्क कझिन्सला अगदी नेहमीसारखं पाडलं. शेवटची दोन मिनिटं, ग्रीन बेनं चेंडू हिसकावलेला. मॅथ्यूजनं त्याला उचलून जमिनीवर आपटलं असं म्हणत पंचांनी पिवळा रुमाल, म्हणजे नियमभंगाची खूण, टाकला. क्वार्टरबॅकच्या अंगावर पूर्ण वजन टाकायचं नाही हा मुद्दाही त्या मोसमात कडक केला होता. हिसकावलेला चेंडू गेला आणि सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. आमच्या गल्लीत, जिथे दोन्हीपैकी एकाही संघाचा चाहता नाही, तिथेही लोक संतापले होते. त्याच महिन्यात मायामीच्या विल्यम हेजच्या गुडघ्याचा अस्थिबंध क्वार्टरबॅकवर वजन पडू नये म्हणून अंग वळवताना तुटला, असं त्याच्या प्रशिक्षकानं सांगितलं.

धावत्या माणसानं हवेत असताना आपलं वजन कुठे ठेवायचं? हा नियम पाळायचा कसा, हेच बचावपटूला कळत नाही. आणि एका रविवारी तीच गोष्ट चालते, दुसऱ्या रविवारी चालत नाही. किकऑफचा नियम सगळ्यांना सारखा लागू होतो, डोळ्यांना दिसतो, पंचाच्या मनावर नसतो. माझ्या मते लोकांच्या पचनी काय पडेल हे बहुतांशी इथेच ठरतं.

एवढं होऊनही २०१८ चे प्रेक्षक आदल्या वर्षापेक्षा जास्त होते.

चांगली हेल्मेटं बनवली की प्रश्न सुटेल ना?

नाही. हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदू कवटीच्या आत सुटा असतो, तो हलायचा तो हलतोच. उलट डोकं सुरक्षित आहे असं वाटलं की माणूस तेच शस्त्रासारखं वापरतो. १९७६ ची बंदी त्यासाठीच आणावी लागली. तरी सुधारणा होतात आणि त्या हव्यातच. हेल्मेटवर चढवायच्या मऊ गार्डियन कॅप एनएफएलच्या सरावात बहुतेक जागांवरच्या खेळाडूंना सक्तीच्या आहेत आणि २०२४ पासून सामन्यातही घालता येतात. घालणारे मोजकेच, कारण त्या दिसायला बोजड आहेत. आपल्याकडे गावसकरांच्या काळात फलंदाजांनी हेल्मेट घालण्याबद्दलही असंच बोललं जायचं. आज हेल्मेटशिवाय वेगवान गोलंदाजापुढे उभा राहिलेला फलंदाज दिसला तर आपल्याच काळजात धस्स होईल.

टॅकलच काढून टाकला तर?

तो खेळ आहे, त्याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात. कमरेला दोन पट्ट्या लावतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की ती खेळी तिथेच संपते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ असणार आहे, पाच-पाच खेळाडूंचा, पुरुष आणि महिला दोघांचाही. त्यावर शिक्कामोर्तब झालं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात. आपल्याकडे त्या दिवशी सगळे क्रिकेट परत आल्याच्या आनंदात होते. माझ्या घरी दोन बातम्यांचा जल्लोष झाला.

पण एनएफएलची जागा फ्लॅग घेईल असं मला वाटत नाही. प्रो बोल या तारांकित खेळाडूंच्या सामन्यात २०२३ पासून टॅकलऐवजी फ्लॅग खेळतात. मैदानात तेच महान खेळाडू, तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं नाही. त्याआधीचा टॅकलचा प्रो बोलही कुणाला आवडत नव्हता, कारण दुखापत नको म्हणून खेळाडू एकमेकांना जेमतेम हात लावायचे. दोन्ही वेळा कमी पडली ती चुरस. ऑलिम्पिकमध्ये देशासाठी, पदकासाठी खेळताना हाच फ्लॅग वेगळा दिसेल अशी मला खरी आशा आहे. एनएफएलच्या संघमालकांनी मे २०२५ मध्ये आपल्या खेळाडूंना तिथे खेळायची परवानगीही दिली आहे.

भारतासाठी तर हाच रस्ता सोपा आहे. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावानं टॅकलची लीग निघाली होती. त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ होते आणि सामने कोलंबोत झाले. ती रुजली नाही. फ्लॅगला हेल्मेट लागत नाही, पॅड लागत नाहीत. शाळेचं मैदान पुरतं.

प्रेक्षकांना खेळाडूची खरंच काळजी असते का?

२ जानेवारी २०२३ ची रात्र मी विसरणार नाही. सिनसिनाटीत बफलोचा डमार हॅमलिन टॅकल करून उठला आणि मागे कोसळला. छातीवर बरोबर नको त्या क्षणी मार बसून हृदय थांबलं होतं. मैदानातच त्याला सीपीआर दिला. दोन्ही संघ गुडघ्यांवर बसले होते. स्टेडियममध्ये हजारो माणसं होती आणि आवाज नव्हता. सामना पुन्हा सुरू झालाच नाही, आणि त्याची तक्रार केलेली मी कुणाकडून ऐकली नाही. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी त्यानं २,५०० डॉलरचं लक्ष्य ठेवून निधी सुरू केला होता. त्यात काही दिवसांत लोकांनी ८० लाखांहून अधिक डॉलर टाकले. हॅमलिन वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा खेळला.

आणि हेच प्रेक्षक २०१९ मध्ये अँड्र्यू लकवर ओरडले होते. दुखापतींनी पिचलेला इंडियानापोलिसचा हा क्वार्टरबॅक २९व्या वर्षी निवृत्त होतोय ही बातमी सराव सामना चालू असतानाच फुटली आणि तो आपल्याच मैदानातून आत जाताना लोकांनी हुर्यो केली.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. डोळ्यांसमोर कोसळलेल्या माणसासाठी लोक रडतात. आतल्या आत झिजत गेलेल्या माणसाचं दुखणं त्यांना दिसत नाही, म्हणून ते त्याच्यावर चिडू शकतात.

मग सगळ्यांत जास्त फरक कशानं पडेल?

ज्या गोष्टी प्रेक्षक बघतच नाहीत, त्यांनी. इतकी वर्षं वाद ऐकून माझं मत इथे पक्कं झालं आहे.

सहा कॉलेज संघांचा पाच मोसम अभ्यास झाला, तेव्हा ७० टक्क्यांच्या आसपास कन्कशन सरावात झाल्याचं दिसलं. सामन्यात नाही, सरावात. सरावाला तिकीट नसतं, प्रक्षेपण नसतं. तो बदलला तर कुठल्या प्रेक्षकाचं काय जाणार आहे?

डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये ठरवलं की आपल्या सरावात एकमेकांना टॅकल करायचंच नाही. मुलं उश्यांवर, पुतळ्यांवर टॅकल शिकायची. पुढे तिथल्याच अभियांत्रिकीच्या मुलांनी मैदानात पळणारा, रिमोटवर चालणारा पुतळा बनवला. डार्टमथ ज्या गटात खेळतं, त्या आयव्ही लीगमधले इतर लोक साशंक होते. टॅकलचा सराव नसलेला संघ टॅकल करणार कसा? २०१५ मध्ये डार्टमथनं लीगचं संयुक्त विजेतेपद पटकावलं. पुढच्या वर्षी आयव्ही लीगच्या सगळ्या प्रशिक्षकांनी एकमतानं मोसमातल्या सरावातून टॅकल काढून टाकला.

त्याच २०१६ मध्ये आयव्ही लीगनं किकऑफची जागा ३५ यार्डांवरून ४० वर नेली. दर हजार किकऑफमागे कन्कशनचं प्रमाण सुमारे ११ वरून २ वर आलं. एनएफएलमध्ये २०११ च्या करारानुसार मोसमात पॅड घालून फक्त १४ सराव घेता येतात. मी ज्यांना ज्यांना हे विचारलं, त्यांतल्या एकाही चाहत्याला हा नियम माहीत नव्हता.

सध्या चित्र सुधारतंय का?

थोडं. २०२४ च्या मोसमात एनएफएलनं १८२ कन्कशन नोंदवले. २०१५ पासूनचा हा सर्वांत कमी आकडा, आदल्या वर्षापेक्षा १७ टक्क्यांनी खाली. फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला, म्हणजे प्रेक्षक कुठेही गेलेले नाहीत. पण हा आकडा कन्कशनचा आहे. लाइनमनच्या त्या ६०-७० आदळण्यांची गोळाबेरीज त्यात येत नाही. आणि एकीकडे सुरक्षिततेची भाषा चालू असताना २०२१ मध्ये प्रत्येक संघाचे मोसमातले १६ चे १७ सामने झाले, आता १८ ची चर्चा आहे. प्रत्येक वाढीव सामना म्हणजे आणखी ६०-७० आदळणी. याबद्दल चाहत्यांनी आवाज उठवायला हवा असं मला फार वाटतं, कारण पिवळ्या रुमालावर ओरडणारा आवाज लीगला ऐकू येतो हे आपण पाहिलं आहे.

आमचा मुलगा शाळेच्या संघात जायचं म्हणतोय. काय करावं?

मराठी मंडळाच्या दिवाळीत मला दरवर्षी कुणीतरी बाजूला घेऊन हे विचारतं. मी डॉक्टर नाही. बराक ओबामांनीही २०१३ मध्ये म्हटलं होतं की मला मुलगा असता तर त्याला फुटबॉल खेळू देण्याआधी मी खूप विचार केला असता. आम्ही काय केलं तेवढं सांगते. मुलगा सातवीत असताना आम्ही प्रशिक्षकांना भेटलो आणि तीन गोष्टी विचारल्या: आठवड्यात किती दिवस पूर्ण टॅकलचा सराव असतो, टॅकल खांद्यानं शिकवता की कसा, आणि डोक्याला मार लागला तर मुलाला बाहेर काढायचा निर्णय कुणाचा. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आम्हाला पटलं नाही. त्या वर्षी तो फ्लॅग खेळला, पुढच्याही वर्षी खेळला. आता तो अकरावीत आहे, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, आणि शुक्रवारी रात्री किकऑफच्या आधी मैदानात त्याच्या सगळ्या मित्रांच्या मधोमध उभा असतो.